शाईचे दोन ठिपके

कॉर्नियात ब्लेड शिरताना हाताला आधी अडसर जाणवतो. मोतीबिंदूसाठी मी २.२ किंवा २.८ मिलिमीटर रुंदीचं केराटोम वापरतो. त्याचं टोक बुबुळाच्या कडेशी टेकवायचं, पारदर्शक थरातून साधारण दोन मिलिमीटर आडवं सरकवायचं आणि मग किंचित खाली झुकवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली टोकाभोवती बारीक सुरकुत्या उठतात, अडसर एकदम संपतो, आपण आत असतो. ब्लेडची धार गेली असेल तर बोटांना लगेच कळतं. डोळा मऊ पडला असेल तर तेही कळतं, आणि मग आधी डोळ्यात जेल भरून घ्यावं लागतं. चीर नीट उतरली तर टाका लागत नाही. आतल्या दाबानं तिच्या दोन कडा आपोआप एकमेकींवर बसतात.

फेम्टोसेकंद लेझरनं तीच चीर देताना हाताला काहीच कळत नाही. डोळ्यावर निर्वाताची कडी बसवायची, यंत्राचं तोंड तिच्यात अडकवायचं, पडद्यावर कॉर्नियाचा आडवा छेद दिसू लागला की त्यावर रेघा जुळवायच्या आणि पायाखालचं पेडल दाबून धरायचं. काही सेकंदांत काम होतं. सुरुवातीला मला हे फार अस्वस्थ करायचं. हात मोकळे असताना शस्त्रक्रिया चालू आहे, ही कल्पनाच सर्जनच्या अंगवळणी पडत नाही.

सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक अब्ज, म्हणजे एक फेम्टोसेकंद. या लेझरचा एकेक ठोका अशा काहीशे फेम्टोसेकंदांचा असतो. किरण अवरक्त असल्यामुळे पारदर्शक कॉर्नियातून ते काही न करता पार होतात. जिथे ते एकवटतात त्या सूक्ष्म बिंदूपाशीच पेशीजालाचा प्लाझ्मा होतो, वायूचा चिमुकला बुडबुडा फुगतो आणि तिथले धागे अलग होतात. ठोका इतका आखूड असतो की शेजारच्या भागाला उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. असे हजारो बुडबुडे ओळीनं आले की चीर तयार होते. खरं तर तयार होत आलेली असते. पावतीपुस्तकातल्या पावतीला छिद्रांची रेघ असते ना, तशी ती असते. अधूनमधून धागे जोडलेलेच राहतात. ते बोथट स्पॅट्युला घालून हातानं सोडवावे लागतात. तिथे बोटांना पुन्हा काम मिळतं. जोर कुठे लावायचा नाही, हे ज्याला ब्लेडनं शिकवलेलं आहे त्याला तिथे सोपं जातं.

या तंत्राचा जन्म एका अपघातातून झाला. १९९३ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या लेझर प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून किरण गेला. डोळा तपासणाऱ्या डॉक्टरांना नेत्रपटलावर जखम सापडली ती विलक्षण नेटकी, आसपास भाजल्याची खूण नसलेली. त्यांच्यातले रॉन कुर्ट्झ मग प्रयोगशाळेतल्या तिबोर युहाश यांच्यासोबत कामाला लागले आणि १९९७ मध्ये दोघांनी इंट्रालेझ नावाची कंपनी काढली. इतके आखूड आणि तरी इतके जोरकस ठोके मिळवायची युक्ती जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ साली शोधली होती. तिच्यासाठी त्यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तोवर जगभर कितीतरी लोकांचे चष्मे तिच्या जोरावर उतरले होते.

लॅसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत, या लेझरनं केलेला बदल मला निर्विवाद वाटतो. कॉर्नियाची जाडी मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. त्यातून शंभर-सव्वाशे मायक्रॉनची झडप उचलायची. पूर्वी हे मायक्रोकेराटोम नावाच्या फिरत्या पात्यानं व्हायचं, आणि झडप कुठे जाड तर कुठे पातळ निघायची. क्वचित मध्येच भोक पडायचं. लेझरनं तो धाक बराच कमी केला. पुढे जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी झडपेलाच फाटा दिला. आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कोरायची आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ती ओढून काढायची. पात्यानं हे काम कुणालाही करता आलं नसतं.

मोतीबिंदूचं तसं नाही. झोल्तान नॉज यांनी २००८ साली बुडापेस्टला पहिल्यांदा हे लेझर मोतीबिंदूसाठी वापरलं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं की ब्लेडचे दिवस भरले. २०२० मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: चांगल्या हातानं केलेल्या साध्या फेको शस्त्रक्रियेपेक्षा लेझरचा निकाल सरस नाही. तरी चौकाचौकांत ‘ब्लेडलेस’चे फलक लागलेलेच आहेत. घरच्यांना लेझरच हवं असतं, मग खर्च कितीही होवो. फेकोत मोतीबिंदू फोडतात तो लेझरनं नव्हे, ध्वनिलहरींनी, हे समजावण्यात माझा ओपीडीतला बराच वेळ जातो.

मागे एक आजी आल्या होत्या. मुलगा म्हणत होता, लेझरनंच करा. तपासलं तर बुबुळाच्या कडेला पांढरट कडं, उतारवयात बऱ्याच जणांना येतं तसं. त्यानं नजरेला काही होत नाही, पण लेझरचे किरण त्यात विखुरतात आणि नेमकी कडेची चीर अर्धवट राहते. मी त्यांना म्हटलं, ‘‘आजी, तुमच्या डोळ्याला ब्लेडच बरं.’’ त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, ‘‘धार लावलीया न्हवं?’’ मी सांगितलं, दर पेशंटला नवं पातं असतं. त्या निर्धास्त झाल्या. मुलगा मात्र खट्टूच राहिला.

अचूकतेचं हे कौतुक ऐकताना मला नेहमी एक जुनी गोष्ट आठवते. जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी कॉर्नियाला आतल्या बाजूनंही चिरा द्यायला सुरुवात केली. नंबर उतरला, लोक खूश झाले. कॉर्नियाच्या आतल्या अंगाला पेशींचा एक थर असतो, तो पाणी उपसून कॉर्निया कोरडा आणि पारदर्शक ठेवतो, आणि त्या पेशी एकदा गेल्या की माणसात नव्यानं येत नाहीत, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. वीसेक वर्षांनी त्या रुग्णांचे कॉर्निया सुजून धुरकट होऊ लागले. नंतर मॉस्कोत फ्योदोरोव यांनी सत्तरच्या दशकात चिरा फक्त बाहेरून द्यायची पद्धत रुळवली, मध्यातून बाहेर जाणाऱ्या आऱ्यांसारख्या. अमेरिकेत तिचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. १९९४ साली कळलं की ४३ टक्के डोळ्यांचा नंबर त्या काळात एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त उलट्या दिशेनं, प्लसकडे, सरकला होता. पात्याच्या अचूकतेत खोट नव्हती. चिरलेला कॉर्निया वर्षानुवर्षं हळूहळू सैल पडत गेला, आणि याचा हिशेब आधी कुणी धरला नव्हता.

म्हणून तिरकस नंबर घालवायला कमानीसारखी चीर देताना मला यंत्रापेक्षा आराखड्याची धास्ती असते. तीच लांबी, तीच खोली चाळिशीतल्या डोळ्यात थोडा परिणाम करते आणि सत्तरीतल्या डोळ्यात जास्त. आडवी चीर आणि उभी चीर सारखी वागत नाही. कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागालाही स्वतःचा तिरकसपणा असतो, आणि पुढच्या भागाची मापं घेऊन तो दिसत नाही. लेझरला हे काही माहीत नसतं. आपण सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या खोलीवर तो काम करतो आणि आपली चूकही तितक्याच नेकीनं कोरतो.

प्रत्यारोपणात याची दुसरी बाजू दिसते. सांगली-कोल्हापूरकडचे माझे बरेच पेशंट उसाच्या फडातले. पाचट काढताना पातं डोळ्याला लागतं, जखमेत बुरशी शिरते, जखम भरते आणि मागे फूल राहतं. एदुआर्द झिर्म यांनी १९०५ साली ओलोमोउत्सला कॉर्निया बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून गोल पात्यानं बिस्किटासारखी चकती कापायची आणि दात्याची तेवढीच चकती बसवायची, हीच रीत होती. लेझरनं कड नागमोडी कापता येते. दात्याचीही तशीच कापली की दोन्ही एकमेकींत गुंततात, आणि पहिल्या काही महिन्यांत डोळा कमी वाकडा राहतो. पण फूल दाट असेल तर किरण पार जात नाहीत. शिवाय अनेक ठिकाणी लेझरची खोली वेगळी आणि थिएटर वेगळं असतं. मधल्या वाटेवर डोळा उघडा पडू नये म्हणून तळाचे काही मायक्रॉन मुद्दाम न कापता ठेवतात आणि मग ते टेबलावर ब्लेडनं किंवा कात्रीनं सोडवतात. टाके तर सगळे हातानेच घालायचे, केसापेक्षा बारीक नायलॉनचे, बहुधा सोळा. एक टाका जास्त ओढला गेला तर लेझरनं कमावलेलं सगळं त्या दिशेला वाकतं.

आमच्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्यांदा बोकडाच्या डोळ्यांवर हात बसवतात. डोळे खाटकाकडून सकाळी ताजे येतात. त्यांना लवकर लेझरवर जायचं असतं. मी त्यांना आधी खूण करायला लावतो. माणूस आडवा झाला की डोळा स्वतःभोवती थोडा फिरतो, सरासरी दोन ते चार अंश, क्वचित दहाच्याही पुढे. नंबराच्या अक्षापासून एक अंश चुकला तर साधारण ३.३ टक्के परिणाम वाया जातो, तीस अंश चुकला तर सगळाच. काही यंत्रं बुबुळाच्या नक्षीवरून हा फरक ओळखतात. आमचं ओळखत नाही. मग पेशंटला खुर्चीत ताठ बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी सरळ, नजर समोरच्या भिंतीवर, आणि बुबुळाच्या दोन्ही कडांना आडव्या रेषेत शाईचे दोन ठिपके द्यायचे. एखाद्याची मान सवयीनं कललेली असते, एखादी बाई पदर सावरताना डोकं वाकवते. ते बघून थांबावं लागतं.

यासाठीचं पेन मी स्वतःचं ठेवतो. बुबुळाचा परीघ जेमतेम छत्तीस मिलिमीटर, म्हणजे एक अंश मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. ओपीडीतल्या मार्करचा ठिपका एवढा जाड उमटतो की त्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चार-पाच अंश सहज होतात, आणि लेझर कुठल्या काठाला शून्य मानणार, हे मलाच ठरवावं लागतं.