अकरावे नाव

धारवाडच्या सप्तापुरात पत्ता सांगायचा तर तो भावीपासून सांगावा लागतो. भावी म्हणजे कानडीत विहीर. आज त्या भागात जिकडेतिकडे स्पर्धा परीक्षांचे क्लास, मुलामुलींची पीजी आणि झेरॉक्सची दुकाने आहेत. माझ्या लहानपणी तिथून पाच मिनिटांवर एक रिकामा प्लॉट होता. एका कडेला चिंच, दुसऱ्या कडेला घाणेरीची झुडपे, मध्ये तांबडी माती. धारवाडचा पाऊस बारीक असतो, पण दिवसदिवस थांबत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर तिथे नुसता चिखल असे. दसऱ्याच्या सुमारास जमीन वाळली की आम्ही घरून झाडू आणून पिच झाडायचो.

आमच्या संघात लिंगायत होते, मराठे होते, आमच्यासारखे मराठी बोलणारे ब्राह्मण होते, एक ख्रिस्ती भावंडांची जोडी होती आणि तो होता. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का, असे त्याला विचारले होते. नको म्हणाला. त्याचे वडील रेल्वेत कारकून. घरी दख्खनी, रस्त्यावर कानडी आणि माझ्या आईशी अगदी आमच्यासारखी मराठी: "काकू, आहे का हो तो घरात?" धावा कानडीत मोजायच्या, अपील इंग्रजीत करायचे आणि भांडण ज्याला जी भाषा आधी सुचेल तिच्यात, असा आमचा रिवाज होता.

तो ऑफस्पिन टाकायचा. टेनिस बॉल वळवणे सोपे नसते, त्याला वजनच नसते. पण त्याची बोटे लांब होती आणि तो चेंडू इतका हळू सोडायचा की बॅट्समनला घाई व्हायची. फॉरवर्ड शॉर्टलेगला मी उभा असायचो. त्याच्या गोलंदाजीवर मी जितके झेल घेतले तितके पुढे आयुष्यात कुठेच घेतले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्याची होती, पाण्याची बाटली. लष्करी पद्धतीची, हिरव्या कापडाचे वेष्टण असलेली, खांद्याला अडकवायची. ते कापड भिजवून ठेवले की पाणी थंड राहायचे. दर पाच-सहा ओव्हरनंतर ती बाटली सगळ्यांच्या हातून फिरे. तोंड लावून पिणारे होते, वरून पिणारेही होते. संपली की कुणीतरी नळावर पळे.

१९९३ च्या नोव्हेंबरातली एक आठवण आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. एक नोव्हेंबर म्हणजे इथे कन्नड राज्योत्सव. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. १८९० साली कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो इथेच, कानडी मुलखात मराठीचे वजन फार झाले या भावनेतून. कानडीसाठीच्या १९८२ च्या गोकाक चळवळीचा जोरही इथेच होता. ती माणसे चुकीची होती असे मी म्हणणार नाही, आपल्या भाषेसाठी उभे राहिली होती. पण बेळगावात काही झाले की आमचे वडील पुण्याहून येणारे मराठी मासिक पिशवीत तळाशी ठेवून घरी आणायचे, हेही मी पाहिलेले आहे. त्या राज्योत्सवाला मोठ्या मुलांनी सामना ठेवला होता. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, तू मराठी, तू आज बस. मी काही बोललो नाही. चेंडू माझ्या मित्राच्या हातात होता. त्याने तो जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "इंव इल्लंद्र नानू इल्ल." हा नसेल तर मीही नाही. आवाज चढवला नाही, दुसरे काही बोललाही नाही. पाच मिनिटांनी मी शॉर्टलेगला उभा होतो.

पुढच्या वर्षीचा पंधरा ऑगस्ट सोमवारी आला होता. शाळेतून झेंडावंदन करून, हातात बुंदीची पुडी घेऊन आम्ही घरी आलो आणि दुपारपर्यंत हुबळीची बातमी आली. हुबळी वीस किलोमीटरवर. महापालिका तेव्हा एकच, जुळी शहरे. तिथल्या ईदगाह मैदानाचा वाद जुना. नगरपालिकेने १९२१ साली ती जागा अंजुमन-ए-इस्लामला ९९९ वर्षांच्या कराराने दिलेली. वर्षातून दोनदा तिथे ईदची नमाज होते, एरवी ते मोकळे मैदान. तिथे पुढे बांधकाम निघाले तेव्हा लोक कोर्टात गेले, आणि १९९२ पासून त्याच मैदानात तिरंगा फडकवण्याचे आंदोलन सुरू झाले. त्या सोमवारी संचारबंदी मोडून लोक झेंडा घेऊन निघाले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. जागा महापालिकेचीच, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागायला २०१० साल उजाडले. आम्हाला तेव्हा यातले काही कळत नव्हते. वडिलांनी दार लावून घेतले आणि बाहेर पडायचे नाही म्हणून सांगितले, तेवढे कळले.

सप्तापुरात दगड पडला नाही. कुणी कुणाला मारले नाही. आठ-दहा दिवसांनी मुले प्लॉटवर यायलाही लागली. तोही आला, बाटली घेऊन. बदलले ते इतकेच की मोठी माणसे आमचा खेळ बघायला थांबू लागली. आधी कुणी थांबत नसे.

दसऱ्याच्या सुट्टीत शेजारच्या भागातल्या एका मंडळाने टूर्नामेंट ठेवली. प्रवेश फी १०१ रुपये, अकरा जणांची यादी आणि एक राखीव. माझे अक्षर चांगले म्हणून यादी नेहमी मीच लिहायचो. फॉर्म द्यायला गेलो तेव्हा मंडळातल्या एका काकांनी यादी वाचली, पेनाचे टोक एका नावावर टेकवले आणि फार मायेने म्हणाले, "बघ बाळ, आमचं काही नाही. पण दिवस असे आहेत. उद्या गर्दीत काही झालं तर त्या पोराच्या आईबापाला काय सांगणार तू?"

मी पंधरा वर्षांचा होतो. हे वाक्य मी वयाच्या आड लपायला लिहीत नाही, कारण आदल्या वर्षी तोही चौदाचाच होता.

मी ते नाव खोडले आणि राखीव मुलाचे नाव वर घेतले. संध्याकाळी त्याला सांगितले. काकांची वाक्ये मी माझी म्हणून सांगितली: तुझ्याच भल्यासाठी, तुला काही झाले तर. संघातल्या बाकीच्यांनीही मान हलवली, कुणी विरोध केला नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे." आणि बाटली आमच्याकडे ठेवून गेला. मॅचला लागेल म्हणाला.

आम्ही ती टूर्नामेंट जिंकलो. कप आळीपाळीने सगळ्यांच्या घरी राहिला. त्याच्या घरी गेला नाही. बाटली मी परत नेऊन दिली, ती त्याच्या आईने दारातच घेतली. पुढच्या मे महिन्यात त्याच्या वडिलांची बदली झाली. मी बारावीनंतर पुण्याला गेलो.

रामचंद्र गुहा यांचे भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरचे पुस्तक २००२ साली आले. ते मी पुण्यात वाचले. बाळू पालवणकरांविषयीचा भाग सुरू झाला आणि पहिल्याच पानावर माझ्या गावाचे नाव आले. पालवणकर बाळू, भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज, १८७० च्या दशकात धारवाडात जन्मला. घराणे कोकणातल्या पालवणचे, चर्मकार समाजातले, वडील लष्करात. धारवाडात मी अठरा वर्षे राहिलो, रोज क्रिकेट खेळलो, आणि हे नाव मला एकाही माणसाने सांगितले नव्हते. शिक्षकांनी नाही, वडिलांनी नाही, टूर्नामेंट भरवणाऱ्या एकाही मंडळाने नाही.

बाळूंची कथा पुण्यात घडली. गोऱ्यांच्या क्लबात पिच झाडणे, जाळी लावणे ही कामे करता करता ते साहेबांना गोलंदाजी करू लागले. पुढे हिंदूंच्या संघाला इंग्रजांना हरवायचे होते, म्हणून त्यांना बाळू हवे झाले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू बाकीचे दहा जण हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळू मंडपाबाहेर, आणि त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात.

तिथे मी पुस्तक मिटले. आमच्या मागच्या दारी, तुळशीच्या अलीकडे, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक स्टीलचा ग्लास पालथा घातलेला असे. खेळून आम्ही पाच-सहा जण पाणी प्यायला यायचो. आज्जी आमच्यासाठी तांब्या-भांडे बाहेर आणायची आणि त्याला म्हणायची, "बाळा, तुझा ग्लास घे." तो ग्लास घ्यायचा, आज्जी वरून पाणी ओतायची, पिऊन झाले की तो नळाखाली विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा ठेवायचा. आज्जीचा त्याच्यावर जीव होता, हे मी खात्रीने सांगतो. त्याला गोवर निघाला तेव्हा तिने त्याच्यासाठी कडुनिंबाचा पाला पाठवला होता. ग्लासही तिनेच ठेवला होता. आणि मी तो आठ वर्षे रोज पाहिला.

तोवर मी माझ्या मनात सगळा हिशेब हुबळीच्या नावावर मांडत आलो होतो. गोळीबार झाला, वातावरण बिघडले, मोठ्यांनी दडपण आणले, मी खोडले. पण मंडळाच्या काकांनी पेन टेकवले तेव्हा माझा हात इतक्या सहज का चालला, याचे उत्तर हुबळीत नव्हते. त्याला बाजूला ठेवायची सवय आमच्या घराला १९९४ च्या खूप आधीपासून होती.

पुस्तक पुन्हा उघडले. बाळू खेळत ते मुंबईतले सामने धर्मावरच उभे होते. १९०७ पासून युरोपीय, पारशी आणि हिंदू, १९१२ पासून मुसलमान, १९३७ पासून बाकीच्यांचा पाचवा संघ. त्यातच ख्रिस्ती असलेले विजय हजारे हिंदूंविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने करून गेले. गर्दी अफाट जमायची. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची माणसे गांधीजींना भेटली तेव्हा त्यांनी खेळात अशी धर्मवार वाटणी नको म्हणून स्पष्ट सांगितले. स्पर्धा बंद व्हायला १९४६ साल यावे लागले. आणि या वाटणीत हिंदूंच्या बाजूने खेळणाऱ्या बाळूंना, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही, हिंदूंचे रीतसर कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० मध्ये पुन्हा डावलले गेले तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून अंग काढून घेतले. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू जिंकले. हे वाचताना मला सारखी धारवाडची कानडी ऐकू येत होती. हा नसेल तर मीही नाही.

त्याचा पत्ता मला विसाहून जास्त वर्षे मिळाला नाही, किंवा मी तो नीट शोधला नाही. २०२२ च्या गणपतीला मी धारवाडला होतो. चतुर्थीच्या आदल्या रात्री उशिरा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने हुबळीच्या त्याच ईदगाह मैदानात गणपती बसवायची वाट मोकळी केली. सकाळी घराघरात तेच बोलणे. एका जुन्या सवंगड्याने मला फोन नंबर दिला, आणि मी त्याच दिवशी लावला. तो हुबळीतच होता. म्हणाला, आज नको, तीन दिवसांनी मीच येतो.

आला. केस पांढरे, चष्मा. आज्जी जाऊन वीस वर्षे झाली. आईने त्याला ओळखले आणि रडू लागली. कपात चहा आला, सगळ्यांना सारख्या कपात. प्लॉट बघायला गेलो तर तिथे चार मजली पीजी. खाली उभे राहून मी त्याला यादीचे सांगितले, काकांचे पेन, सगळे. माफी मागितली. तो म्हणाला, "माहीत होतं. तुझं अक्षर होतं ना, खोडलेलं मी फॉर्मवर बघितलं होतं."

मग मी कोनाड्यातल्या ग्लासाचे काढले. त्यावर तो बराच वेळ बोलला नाही.

मग त्याने सांगितले. सहा-सात वर्षांचा असताना त्याला तो ग्लास फार आवडायचा. बाकीची सगळी पोरे एकाच भांड्याने प्यायची आणि त्याचा मात्र स्वतःचा वेगळा, त्यासाठी भिंतीत जागासुद्धा. एके दिवशी त्याने घरी जाऊन अम्मीला मोठ्या आनंदाने सांगितले, की आज्जीने फक्त माझ्यासाठी ग्लास ठेवला आहे. अम्मी पोळ्या लाटत होती. लाटत राहिली, काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून ती हिरवी बाटली आणली. गळ्यात अडकवून दिली आणि म्हणाली, तहान लागली तर यातले पी, आणि कुणी मागितले तर त्यालाही दे.