चौघांच्या खांद्यावर

अजिंठ्याहून आलेला माणूस पद्मपाणीचे गुणगान करतो. मला मात्र तिथल्या डोलीवाल्यांविषयी सांगायचे आहे.

लेणीपाशी पायऱ्यांची चढण लागते. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांना खुर्चीच्या डोलीत बसवून चौघे जण खांद्यावरून नेतात. आईसाठी आम्ही डोली केली, तेव्हा ती संकोचून म्हणाली, "लेकरांनो, चौघांच्या खांद्यावर मेल्यावर जायचं. जितेपणी कशाला?"

"आजी, तुम्ही बसलात तरच आमची चूल पेटंल," पुढचा हसून म्हणाला.

वर पोचल्यावर तो पायरीवर टेकला. वय पन्नाशीचे, खांद्याला घट्टे. कुठल्या मस्टरवर नाव नाही. पगार नाही, रजा नाही. सोमवारी लेणी बंद, की कमाईही बंद. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे लेणी बंद झाली, ती डिसेंबरातच उघडली. त्या काळात मिळेल त्या शेतावर मजुरी केली, म्हणाला.

"पुढं काय ठरवलंय?" मी विचारले.

"पोरगी नर्सिंगला हाय. ती नोकरीला लागली, की हा दांडा खाली ठेवायचा. मग एक दिवस दुपारभर निजायचं."

एवढेच त्याचे स्वप्न: पोरीची नोकरी आणि एका दुपारची झोप!

बाराव्या लेण्यातील खोल्यांत भिक्खूंना निजण्यासाठी दगडी ओटे आहेत. ते कोरणारे कारागीर स्वतः कोठे निजत असतील? चोविसावे लेणे तर अर्धवटच राहिले. पाचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटक राजा हरिषेण गेला आणि पुढे काम थांबले, असे अभ्यासक मानतात. तेव्हा त्या कारागिरांच्याही चुली विझल्या असतील.

सेवकाला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर सुटी द्यावी, असे तथागतांनी सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा कायदा झाला. पण डोलीवाल्याला ना कारखाना, ना मालक. त्याचे तास कोण मोजणार? त्याला सुटी कोण देणार?

वाचकहो, अजिंठ्याला जाल तेव्हा डोलीच्या भावात घासाघीस करू नका. वर पोचल्यावर त्या चौघांनाही घोटभर पाणी पिऊ द्या, घडीभर टेकू द्या. आणि पोरंबाळं काय शिकतात, तेही विचारा.