आयटी पार्कमधली भाजीची पिशवी

चंदीगड म्हटलं की ल कार्बुझिएने आखलेले सरळ रस्ते आणि सेक्टर डोळ्यांसमोर येतात. माझी लेक मात्र शहराच्या कडेला, आयटी पार्कजवळ राहते. 2005 साली सुरू झालेल्या या पार्कात काचेच्या उंच इमारती आहेत, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुलं आहेत. आणि अगदी शेजारी किशनगढ हे जुनं गाव. मागे शिवालिकचे डोंगर. जानेवारीत धुकं हटलं की सुखना तलावापर्यंत फेरफटका मारावा, हिवाळी पाहुणे पक्षी बघावेत, येताना गरम चहा घ्यावा. सुख म्हणजे आणखी काय!

पण पहिल्याच रविवारी आमचं वाजलं. कारण होतं भाजी.

दर रविवारी एक शेतकरी गाडीतून मोहरीचा पाला, मेथी, गाजरं, मुळे आणि गूळ घेऊन येतो. सगळं सेंद्रिय. लेकीने पिशवी भरली, पैसे दिले आणि मी आकडा ऐकून गारच झाले.

‘‘अगं, मंडईत एवढ्या पैशांत दुप्पट भाजी येते!’’

‘‘आई, बाळाला आता वरचं खाणं सुरू केलंय. त्याच्या पोटात औषधं नको जायला.’’

रांगेतल्या प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. एका आजोबांना गाजराची जुनी चव हवी होती. एका मुलीला घरी आजारपण झाल्यापासून धास्ती बसली होती. कुणी म्हणालं, यात जीवनसत्त्वं जास्त असतात. हे शेवटचं मात्र जपूनच म्हणावं. 2012 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळले.

शेतकरी पंजाबातल्या माळव्याचा, म्हणजे कापूसपट्ट्यातला. भटिंड्याहून बिकानेरला उपचारासाठी रुग्ण घेऊन जाणाऱ्या गाडीला जिथे लोक ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणू लागले, तोच हा भाग. तिथल्या आजारांमागे नेमकं काय, यावर जाणकारांचं एकमत नाही. मी त्याला विचारलं, ‘‘भाऊ, फवारणी का सोडलीत?’’

तो हसला. ‘‘माताजी, खाणाऱ्याचा विचार नंतर आला. पंप तर माझ्याच पाठीवर होता ना!’’

मी गप्पच झाले. आम्ही यवतमाळचे. 2017 साली आमच्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते. माझा धाकटा भाऊही त्या हंगामात फवारणीहून आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून ओसरीवरच बसला. तो वाचला. पण ती रात्र आम्ही कुणीच विसरलो नाही. आणि मी मात्र इथे येऊन जुडीच्या भावावरून लेकीशी भांडत होते!

रसायनं सोडली की सुरुवातीची काही वर्षं पीक घटतं, निंदणाची मजुरी वाढते. तो तोटा शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? जास्तीच्या पैशांत त्याचा थोडा वाटा आपण उचलतो.

अर्थात, सगळ्यांना सगळंच सेंद्रिय परवडत नाही. म्हणून साधी भाजी खाणं सोडू नये. ती वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवावी. पाकीटबंद सेंद्रिय माल घेताना ‘जैविक भारत’ची खूण पाहावी. सुटा माल घेताना शेतकऱ्याशी बोलावं, काय फवारता ते विचारावं.

पुढच्या रविवारी पिशवी घेऊन मीच खाली उतरले. मोहरीचा पाला घेतला, घासाघीस केली नाही. वर येऊन आधी भावाला फोन लावला. म्हटलं, ‘‘बांधापुरती का होईना, घरच्यांसाठी बिनफवारणीची भाजी लाव. पुढच्या खेपेला मी तुझ्याकडून विकत घेईन.’’

तो म्हणाला, ‘‘ताई, भाव मात्र चंदीगडचा लागेल!’’