नरसिंहाच्या आधी वराह

डेमॉनिक रेझरेक्शन या मुंबईच्या मेटल बँडचा ‘दशावतार’ हा अल्बम २०१७ साली आला. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रम पुराणातलाच, शब्द मात्र इंग्रजी आणि साहिल मखिजाचा गळा बहुतेक वेळ गुरगुरणारा. मी पिशोरचा पखवाजी. सप्ताहात, काकड्याला, दिंडीत वाजवतो. हा अल्बम मी पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत मधे न थांबता ऐकतो, हे कळल्यावर आमच्या एका टाळकऱ्यानं विचारलं, “माउली, त्या कल्ल्यात तुम्हाला काय सापडतं?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला कीर्तनातच मिळालं. प्रल्हादाचं आख्यान लागतं तेव्हा ‘पुढं काय होणार’ म्हणून मंडपात कोणीच बसत नाही. खांब फुटणार, हे बायाबापड्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. लोक येतात ते बुवा खांबापाशी किती वेळ थांबवतात, कुठं आवाज टाकतात आणि कुठं टाळ बंद करायला लावतात, हे अनुभवायला. गोष्ट आधीच माहीत असली की कान मोकळा होतो.

बाहेरच्या मेटलमध्ये एका कथेवर बेतलेले अल्बम पुष्कळ आहेत. किंग डायमंडचा १९८७चा ‘अ‍ॅबिगेल’ ही वारशानं मिळालेल्या वाड्यातल्या भुताची गोष्ट आहे. क्वीन्सराइकचा १९८८चा ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ एका व्यसनी तरुणाच्या हातून खून करवून घेणाऱ्या माणसाची. दोन्ही मला आवडतात, पण ऐकताना शब्द समोर धरावे लागतात आणि निम्मं लक्ष कोण कोणाला काय म्हणालं यातच जातं. ‘दशावतार’ मराठी माणसाच्या हाती पडतो तो कथा पोटात घेऊनच.

तरी पहिला अडथळा आवाजाचा असतोच. माझा सल्ला असा की गुरगुरण्यातून शब्द शोधू नयेत. तो गळा सुरुवातीला एक वाद्य म्हणून ऐकावा. दुसरी गोष्ट, ड्रमवाल्याच्या पायांच्या मागं धावू नये. दोन्ही पाय आळीपाळीनं पडत असतात, ठोके इतके दाट की मोजायला गेलं तर दम लागतो. स्नेअर धरावा. मूळ लय बहुतेक वेळा तिथंच असते. ती संथ चाललेली असते आणि खाली पायांची चौगुण सुरू असते. पखवाजावर आम्ही हेच करतो. बोल कितीही दाट झाले तरी सम आपल्या जागेवर राहते आणि ज्याला ती सापडली त्याला दाटपणाचं भय उरत नाही.

मग भारदस्तपणा कुठून येतो? नुसता आवाज मोठा करून येत नाही. कीर्तनाआधी मी कणीक भिजवून पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धुमेवर थापतो, बोटानं कडेकडेनं सारखी करतो आणि पंजानं ठोका देऊन पाहतो. जास्त झाली तर आवाज बसका होतो, कमी पडली तर पातळ. कातडीवर वजन आलं की कंप सावकाश होतो आणि स्वर खाली उतरतो. मेटलचे गिटारवाले तारा सैल सोडून नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावतात. तिथं वजन वाढत नाही, ताण कमी होतो. पण कंप तसाच मंदावतो आणि तो छातीत जाणवतो. हे ध्यानात आल्यापासून त्या गिटारांचा खर्ज मला परका वाटला नाही.

या अल्बमचा गाभा मला तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गाण्यांत दिसतो. वराहानं हिरण्याक्ष मारला, म्हणून त्याचा भाऊ हिरण्यकशिपू विष्णूचा वैरी झाला, म्हणून नरसिंह आला. त्याच हिरण्यकशिपूचा मुलगा प्रल्हाद आणि प्रल्हादाचा नातू बळी, ज्याच्या दारात वामन उभा राहिला. तीन गाणी म्हणजे एकाच घराण्याची चार पिढ्यांची गोष्ट. मोबाइलवर गाणी उलटसुलट लावली की हे सगळं जातं. नरसिंहाच्या आधी वराह ऐकलाच पाहिजे. भावाचं मरण कानावर पडल्याशिवाय हिरण्यकशिपूचा राग नुसता राक्षसाचा राग वाटतो.

वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, ज्याला दशावतार लेणंच म्हणतात, वरच्या मजल्यावर वराह, नरसिंह आणि वामन हे तिघं एकाच भिंतीवर आहेत. नावात दहा असले तरी तिथं दहाही अवतार कोरलेले नाहीत. नरसिंहाच्या शिल्पापुढं मी नेहमी जास्त थांबतो. पोट फाडल्याचं दृश्य शिल्पकारानं घेतलेलंच नाही. ढाल-तलवार घेतलेला हिरण्यकशिपू अजून उभा आहे आणि नरसिंह त्याला नुकताच भिडला आहे. पुढचं पाहणाऱ्याला ठाऊक आहे, हे धरूनच त्यानं छिन्नी चालवली असणार.

वामनाचं गाणं मात्र मी इथल्या मातीत उभा राहून ऐकतो. पिशोरला अद्रक आणि मका लावणाऱ्या घरांत दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य येवो म्हणतात आणि महात्मा फुल्यांनी तर बळीला शेतकऱ्यांचा राजाच मानलं. त्यामुळं गाण्याचं नाव वामनाचं असलं तरी तिसरं पाऊल पडताना माझा जीव ज्याच्या डोक्यावर ते पडतं त्याच्यापाशी असतो.

नववं गाणं बुद्धाचं आहे आणि तिथं मी क्रम निमूटपणे स्वीकारत नाही. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, असं स्पष्ट आहे. वेरूळलाही बौद्ध लेणी शेजारी, पण आपल्या जागी स्वतंत्र उभी आहेत. माझ्याबरोबर हे गाणं ऐकणारा मित्र त्या प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहे. त्याचं म्हणणं असं की हे गाणं मत्स्यापासूनच्या रांगेतून बाहेर काढून एकटं ऐकावं. मला ते पटतं आणि दोघं बरोबर असलो की आम्ही तसंच ऐकतो.

उरतो कल्की. नऊ गाण्यांत गोष्ट घडून गेलेली आहे. इथं ती अजून व्हायची आहे. त्याच्यावर लांबलेलं आख्यान मी कधी साथीला वाजवलेलं नाही, पंधराव्या लेण्यातही तो नाही. म्हणून दहावं गाणं लागलं की एवढा वेळ बाजूला ठेवलेले शब्द मी पहिल्यांदा समोर घेतो.