एका ओळीत दोन ग्राहक

पुण्यात आमच्या टीमकडे सी++ मध्ये लिहिलेला बुकिंगचा सर्व्हर होता. ‘पैसे कापले, तिकीट नाही’ अशी तक्रार आली, म्हणून लॉग उघडला. व्यवहार क्रमांक एका ग्राहकाचा, रक्कम दुसऱ्याची, आणि दोन्ही एकाच ओळीत. खालची ओळ कोरी. सगळ्यांचा संशय डेटाबेसवर गेला.

टीममधल्या सीनियरने मात्र वेगळंच विचारलं, “ही ओळ किती तुकड्यांत लिहिली जाते?” कोडमध्ये वेळ, क्रमांक, रक्कम आणि शेवटी ‘एंडएल’ असं एकेक करून ‘सीआउट’कडे जात होतं. दोन तुकड्यांच्या मधे दुसरा थ्रेड घुसायला पूर्ण मोकळीक. सी++११ पासून ‘सीआउट’ असा एकाच वेळी वापरला तरी प्रोग्रॅम बिघडत नाही, पण अक्षरं मिसळणार नाहीत याची हमी कोणी देत नाही. दोन ‘एंडएल’ लागोपाठ आले की कोरी ओळ. टेस्टिंगमध्ये विनंत्या एकापाठोपाठ एक जायच्या, त्यामुळे तिथे हे दिसलंच नव्हतं.

पहिला उपाय म्हणजे ओळीभोवती म्युटेक्स. लॉग स्वच्छ झाला, पण गर्दीच्या वेळी सर्व्हर रेंगाळू लागला. ‘एंडएल’ दर ओळीला फ्लश करतो, आणि तो संपेपर्यंत बाकीचे थ्रेड कुलपाबाहेर ताटकळत. मग रचना बदलली. प्रत्येक थ्रेड आपली ओळ स्वतःच्या बफरमध्ये पूर्ण तयार करून रांगेत टाकतो. फाइलमध्ये लिहितो एकच थ्रेड. कुलूप लागतं ते फक्त रांगेत टाकण्यापुरतं. यात एक धोका राहतो: प्रोग्रॅम अचानक पडला तर रांगेतल्या ओळी जातात, आणि नेमक्या त्याच हव्या असतात. म्हणून गंभीर चुका थेट लिहून लगेच फ्लश करायचं ठरलं. रांगेलाही मर्यादा घातली. ती भरली की आधी डीबगच्या ओळी टाकून द्यायच्या.

पुढे सर्व्हर कंटेनरमध्ये गेला आणि लॉग पुन्हा फाटला. आता अनेक प्रोसेस एकाच पाइपमध्ये लिहीत होत्या, आणि आमचं म्युटेक्स एका प्रोसेसपुरतंच. पाइपमध्ये ठरावीक आकारापर्यंतचं एकेक ‘राइट’ अखंड जातं. लिनक्सवर ही मर्यादा ४०९६ बाइट, पॉझिक्सनुसार किमान ५१२. आमच्या जेसन ओळींत अख्खी विनंती कोंबलेली असायची, म्हणून त्या मर्यादा ओलांडत. विनंतीचा मजकूर छाटला, ओळ एकाच ‘राइट’ने पाठवली, आणि फाटणं थांबलं.

तरी अखंड ओळी एकमेकींच्या मधे येतातच, त्याला इलाज नाही. म्हणून विनंती आत येताच तिला एक क्रमांक द्यायचा आणि तो प्रत्येक ओळीत छापायचा. ‘ग्रेप’ केलं की एका ग्राहकाची सगळी हकिगत सलग वाचता येते. नव्या मुलांच्या कोड रिव्ह्यूत आम्ही लॉगपुरते दोनच प्रश्न विचारतो: ओळ एका दमात जाते का, आणि ती कोणाची हे तिच्यावरूनच कळतं का?