सात डॉलर नाकारणारी पलटण

शौर्याचा इतिहास आम्ही अभिमानाने सांगतो. पण नकाराचा इतिहास सांगतो का?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या कंत्राटी सफाई कामगारांना ठरलेल्यापेक्षा कमी पगार देऊन पूर्ण रकमेच्या पावतीवर सह्या मागितल्या गेल्या. एका मावशींनी आम्हाला विचारले, "सर, सही केली की उरलेलं कोण देणार?" आम्ही समाजशास्त्राचे एम. ए. झालेलो. आम्ही म्हणालो, "आत्ता घ्या, नंतर लढू." मावशींनी सही केली. ते 'नंतर' अजून आलेले नाही.

म्हणूनच अमेरिकेतील यादवी युद्धातल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पायदळ पलटणीचा इतिहास आम्हाला टोचतो. १८६३ साली उभी राहिलेली ही पलटण कृष्णवर्णीयांची. अधिकारी मात्र गोरे. १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात ती आघाडीवर होती. सुमारे ६०० जणांपैकी २७० हून अधिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तिथेच पडले. जखमी विल्यम कार्नी यांनी ध्वज खाली पडू दिला नाही. त्यांना सन्मानपदक मिळाले ते १९०० साली!

भरतीच्या वेळी समान वेतनाचे वचन होते. प्रत्यक्षात गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि यांना १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७. पलटणीने एक डॉलरही घेतला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने फरक भरून देऊ केला, तोही नाकारला. कारण प्रश्न फरकाचा नव्हता, दर्जाचा होता. घरून हलाखीची पत्रे येत असताना ते बिनपगारी लढत राहिले. जेम्स हेन्री गुडिंग या शिपायाने थेट लिंकनना पत्र लिहून विचारले, की आम्ही सैनिक आहोत की मजूर?

जून १८६४ मध्ये संसदेने समान वेतनाचा कायदा केला आणि त्या शरद ऋतूत थकबाकी हाती आली. गुडिंग मात्र त्याआधीच, जुलैमध्ये, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत मरण पावले होते.

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केला. आपले नाते इतके जुने आहे. मग धडा का घेऊ नये?

उपाशी माणसाला स्वाभिमानाचे प्रवचन देणे सोपे असते. पण ती पलटण एकटी नाकारत नव्हती, सगळे मिळून नाकारत होते. मावशी एकट्या होत्या, कारण आम्ही त्यांना एकटे सोडले. चूक त्यांच्या सहीची नाही, आमच्या सल्ल्याची आहे.

आता विहारात दर रविवारी आम्ही मूठभर धान्य जमा करतो. पुढच्या वेळी कुणी सही नाकारली, तर तिची चूल विझता कामा नये.

जयभीम!