गिटारीस विजेचा कान

तंतुवाद्याचें एक दुर्दैव आहे. तें मोठ्या सभेंत मुकें होतें. तुकडोजी महाराजांनीं भजनास खंजिरी हातीं घेतली. तिची थाप मैदानांत दूरवर जाते. गिटारीचा नाद मात्र मंडपाच्या चार ओळी ओलांडतां ओलांडतां विरून जातो. म्हणून तिला विजेचा कान, म्हणजे पिकअप, बसवावा लागतो.

अमरावतीस आमच्या घरीं हा प्रश्न गेल्या गणेशोत्सवापूर्वीं उभा राहिला. अकोल्यास शिकणारा आमचा नातू गिटार घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, हिला भोंक पाडावें लागेल." गिटार त्याच्या काकाची. आमचे ते धाकटे चिरंजीव आज हयात नाहींत. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

भोंक न पाडतां भागतें काय, हें आम्हीं आधीं पाहिलें. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या तत्त्वावर चालणारा एक प्रकार आहे. लोहचुंबकाभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें, आणि पोलादी तार वर थरथरली कीं वेटोळ्यांत वीज उपजते. तो गिटारीच्या तोंडाशीं नुसता अडकवितां येतो. पण तो तार ऐकतो, लाकूड ऐकत नाहीं. दुसरा प्रकार क्यूरी बंधूंच्या १८८० च्या शोधावर उभा आहे: कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत विद्युद्भार येतो. अशी चकती फळीस आंतून चिकटवितात, तेव्हां लाकूड बोलतें खरें, पण हाताचा प्रत्येक धक्काही बोलतो. त्याच जातीची बारीक फीत घोडीवरील हाडाच्या पट्टीखालीं सरकविणें, हा मार्ग उत्तम. भोंक लागतें तें यालाच.

आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, "विजेवांचून वाजविली तर आवाज त्याचाच राहील ना?" आम्हीं खरें तें सांगितलें, कीं जवळजवळ तोच राहील, पारखी कानास किंचित् फरक कळेल. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "मग न्या."

अकोल्याचे कारागीर मूळचे पेट्या व सतारी दुरुस्त करणारे. त्यांनीं तारा सैल करून हाडाची पट्टी उपसली, खाचेच्या तळाशीं दोन-तीन मिलिमीटरांचें छिद्र पाडलें आणि शेपटाकडील खुंटीचें भोंक सावकाश बारा मिलिमीटरांपर्यंत वाढविलें. रोगण उडूं नये म्हणून तेथें आधीं कागदी पट्टी चिकटविली होती. त्या जागीं आंत लाकडाचा जाड ठोकळा असतो, त्यामुळें वाद्यास इजा होत नाहीं. खरें कसब पुढेंच होतें. फितीच्या जाडीइतकें हाड खालून घांसावें लागतें, नाहींतर तारा उंच होतात. आणि तें कांचेवर ठेवलेल्या घांसकागदावर अगदीं सपाट व्हावें लागतें, नाहींतर एक तार ओरडते व दुसरी कुजबुजते. पहिल्या खेपेस तिसरी तार कुजबुजली. कारागिरानें चहा बाजूस सारून पट्टी पुन्हा काढली.

फितीची वीज फार दुबळी, लांब वायरीनें क्षीण होणारी. म्हणून नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारी लहान डबी आंत बसविली. इतकें करूनही कर्ण्यांतून येणारा सूर थोडा कोरडा, पत्र्याच्या जातीचा असतो, हें कबूल केलें पाहिजे. शिवाय कर्ण्याचा आवाज गिटारीच्या पोटांत शिरून पुन्हा कर्ण्यांत जातो व शिट्टी फुटते. नैयायिकांचा अन्योन्याश्रय दोष तो हाच! त्यावर उपाय सोपा: तोंडास रबराचें झांकण लावावें व कर्ण्यापासून दूर बसावें.

उत्सवांत नातवानें वाजविली. आमचें कुटुंब मुद्दाम शेवटच्या ओळींत बसलें होतें; तेथें सर्व स्पष्ट ऐकूं आलें. भोंक पाडतांना निघालेला लाकडाचा भुसा त्यांनीं कारागिराकडून मागवून पुडींत बांधून ठेवला आहे. वायर खोंचलेली राहिली कीं बॅटरी उतरते, हें मात्र नातवास अजून सांगावें लागतें.